वडिलांचा निकाल, मुलाचा निकाल आणि तुमचं आधार कार्ड



झेरॉक्सच्या दुकानात आधार कार्डाची प्रत कधी विसरून आलात का? आठवलं की पोटात गोळा येतो ना? ती कुणाच्या हाती पडेल, कुठे वापरली जाईल! ही जी धाकधूक आहे, तिच्यामागे एक हक्क आहे. प्रायव्हसीचा, म्हणजे खासगीपणाचा. आज लॉ कॉलेजात तो शिकवतात, आणि शिकताना जबलपूरचं नाव येतंच.

जबलपूरच्या गजबजलेल्या ओमती भागापासून हायकोर्ट जवळच आहे. १९७५ साली आणीबाणी लागली. खटला न चालवता तुरुंगात टाकलेल्या लोकांनी या कोर्टात दाद मागितली. कोर्ट म्हणालं, तुमचं म्हणणं ऐकता येईल. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. हाच तो ‘एडीएम जबलपूर’ खटला. २८ एप्रिल १९७६ ला पाचपैकी चार न्यायाधीशांनी सांगितलं, आणीबाणीत अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही. विरोधात एकटे न्या. एच. आर. खन्ना. त्या चौघांत एक होते आपले मराठी न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड.

आता थेट २०१७ मध्ये या. आधार योजनेविरुद्ध निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी कोर्टात गेले होते. त्यातून प्रश्न निघाला, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे का? २४ ऑगस्टला नऊच्या नऊ न्यायाधीशांनी ‘हो’ म्हटलं. जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क सरकारने दिलेला नाही, तो माणसाचा जन्मजात आहे, मग खासगीपणाही त्यातच आला. पण असं म्हणायचं तर जुना जबलपूरचा निकाल आड येत होता. तो चुकीचा होता, असं स्पष्ट लिहून रद्द करणाऱ्यांत होते न्या. धनंजय चंद्रचूड. यशवंतरावांचे चिरंजीव!

म्हणून वाटतं, कायदा शिकणं म्हणजे नुसती कलमं पाठ करणं नव्हे. आधीच्यांचं कुठे चुकलं, हे आदराने पण ठामपणे सांगता येणं, हाच खरा अभ्यास.

या शाखेत काम भरपूर आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्याआधी पालकांची संमती लागते. तुम्ही काढलेल्या फोटोवर हक्क कुणाचा, भेडाघाटच्या कारागिराची कला कुणी नक्कल केली तर काय, हे बौद्धिक संपदेचे प्रश्न. यातली अनेक उत्तरं अजून लिहिली जायची आहेत.

घरात कुणी बारावीला आहे? आर्ट्स, कॉमर्स, सायन्स, कोणतीही शाखा चालते. पाच वर्षांचा कोर्स असतो, पदवीनंतर तीन वर्षांचा. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही प्रवेश परीक्षा. जबलपूरलाही २०१८ पासून असं विद्यापीठ आहे.

आणि ज्यांना वकील व्हायचं नाही त्यांनी आज एवढंच करा. आधारची प्रत द्यायची वेळ आली, तर आधी विचारा, ‘कशासाठी हवी?’ चालत असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या. विचारायला लाजू नका. तो प्रश्न विचारण्याचा हक्क मिळायला एकेचाळीस वर्षं लागली आहेत.