रीडेव्हलपमेंटच्या काळात आई-बाबा कुठे राहणार?

कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे, सहकारनगर, बिबवेवाडी. पुण्याच्या या भागांत आज घर शोधायला निघालं, की ब्रोकर बहुतेक वेळा जुनी सोसायटी पाडून उभ्या राहणाऱ्या इमारतीपाशीच नेऊन उभं करतो. मोकळी जमीन जवळपास संपली. डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने जादा एफएसआयची वाट सोपी केली. वनाझपर्यंत मेट्रो आली. त्यात २०२५ च्या फेब्रुवारी ते जून या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहावरून साडेपाच टक्क्यांवर आणला. ५० लाखांचं २० वर्षांचं कर्ज साडेआठऐवजी साडेसात टक्क्यांनी मिळालं, तर महिन्याचा हप्ता सुमारे ३,१०० रुपयांनी कमी होतो. शहराच्या मध्यात राहू इच्छिणाऱ्या नोकरदार जोडप्याला तेवढाही दिलासा पुरतो. बिल्डरला गिऱ्हाईक दिसतं आणि सोसायटीच्या सूचनाफलकावर विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस लागते.

सभेत विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात. जादा कार्पेट किती, कॉर्पस किती, पार्किंग झाकलेलं की उघडं, बँक गॅरंटी कितीची. हे प्रश्न विचारलेच पाहिजेत, आणि या सदरात त्यांवर मी अनेकदा लिहिलं आहे. पण सत्तर-ऐंशीच्या दशकात ज्यांनी ही घरं घेतली, ती माणसं आज पंचाहत्तरी-ऐंशीत आहेत. काम सुरू झाल्यापासून चावी मिळेपर्यंतची दोन-तीन, कधी चार वर्षं ती कुठे, कशी आणि कोणाच्या सोबतीने काढणार, हे सभेत सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते हा पैशाइतकाच मोठा प्रश्न आहे आणि तो थेट मेंदूच्या आरोग्याशी जोडलेला आहे.

आधी भाड्याचं गणित पाहू. समजा, जुन्या ६०० फूट कार्पेटवर फुटाला ४० रुपये भाडं ठरलं, म्हणजे महिन्याला २४,०००. कागदावर रक्कम बरी दिसते. पण त्याच पट्ट्यातल्या वीस-वीस घरांच्या तीन सोसायट्या एकाच वेळी रिकाम्या झाल्या, तर ६० कुटुंबं एकाच वेळी त्याच ब्रोकरांकडे जातात. घरमालक भाव वाढवतात. शिवाय वयस्कर माणसांना लिफ्ट तरी हवी, नाहीतर तळमजला हवा, आणि नेमकी हीच घरं आधी उचलली जातात. मग ठरलेल्या भाड्यात घर मिळतं ते धायरीला किंवा आंबेगावला. मुलाला त्याचं फारसं काही वाटत नाही, तो गाडी काढून ऑफिसला जातो. वडिलांच्या मात्र टेकडीवरच्या फेऱ्या आणि आईचं रोजचं बोलणं मागे सुटतं.

माझ्या ओळखीतल्या एक काकू, निवृत्त शिक्षिका, कर्वेनगरच्या दुसऱ्या मजल्यावरून एका टॉवरच्या नवव्या मजल्यावर राहायला गेल्या. जुन्या घरी सकाळी दूध आणायला त्या स्वतः उतरत. भाजीवाली त्यांच्यासाठी मेथीची जुडी बाजूला ठेवायची. संध्याकाळी गेटजवळच्या कट्ट्यावर चार-पाच जणी जमत. नव्या जागी लिफ्टला कार्ड लागतं आणि प्रत्येक मजल्याचा पॅसेज हुबेहूब सारखा. एकदा त्या आठव्या मजल्यावर उतरून दुसऱ्याच दाराची बेल वाजवत राहिल्या आणि तेव्हापासून एकट्या खाली जाईनाशा झाल्या. रात्री बाथरूमला उठल्या की डावीकडे वळायच्या, कारण जुन्या घरात बाथरूम डावीकडे होतं. मुलाला वाटलं, घर बदलल्यामुळे आई विसरायला लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, विस्मरणाची सुरुवात आधीच झाली असणार, ओळखीच्या घरात ती झाकली गेली होती.

हे डॉक्टरांच्या रोजच्या अनुभवातलं आहे. हिप्पोकॅम्पस नावाचा मेंदूतला छोटा भाग जागांचे नकाशे आणि नव्या आठवणी सांभाळतो, आणि अल्झायमरमध्ये सुरुवातीलाच झिजू लागणाऱ्या भागांपैकी तो एक. वर्षानुवर्षांच्या घरात हात सवयीनेच बटणावर जातो, नवं काही शिकावं लागत नाही. जागा बदलली की एकदम सगळंच नव्याने शिकायचं असतं, आणि नेमकी तीच ताकद कमी झालेली असते. भारतात ६० वर्षांवरच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये एका देशव्यापी पाहणीतून मांडला गेला. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. वीस-पंचवीस ज्येष्ठ राहत असलेल्या सोसायटीत असं कोणीच नसेल, असं धरून चालणं धोक्याचं.

दुसरी बाजू आशेची आहे. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालाने डिमेन्शियाचे बदलता येण्याजोगे १४ धोके मांडले. ते सगळे दूर करता आले, तर जगभरातली सुमारे ४५ टक्के प्रकरणं टाळता किंवा लांबवता येतील, असा त्याचा हिशेब आहे. त्या यादीत रक्तदाब आणि मधुमेह आहेतच. शिवाय कमी झालेलं ऐकू येणं आणि दिसणं, हालचालीचा अभाव, एकटेपणा आणि प्रदूषित हवाही आहे. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५५ ते ८० वयाच्या १२० जणांपैकी निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून तीनदा चालायला लावलं, हळूहळू वाढवत ४० मिनिटांपर्यंत. त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा मात्र थोडा आक्रसला. म्हणून थोरात उद्यानातल्या किंवा तळजाईवरच्या रोजच्या फेऱ्यांना मी औषधाच्या पंगतीत बसवते, आणि त्या तुटू नयेत याची काळजी करारातच घेतली पाहिजे असं म्हणते.

आणि ते शक्य आहे. सहकार कायद्याच्या कलम ७९ (अ) खाली राज्य सरकारने २००९ मध्ये पुनर्विकासाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. बांधकामाच्या काळात सभासदांना शक्यतो त्याच परिसरात पर्यायी जागा द्यावी, किंवा त्यांना मान्य होईल असं भाडं आणि डिपॉझिट द्यावं, हे त्या सूचनांमध्येच आहे. ‘शक्यतो त्याच परिसरात’ हे शब्द बहुतेक समित्या वाचून पुढे जातात. मला वाटतं, टेंडरच्या अटींमध्ये हे ठसठशीत लिहावं: ७० वर्षांवरील सभासदांसाठी दोन किलोमीटरच्या आत, लिफ्टची किंवा तळमजल्यावरची जागा; त्यासाठी वेगळा, जादा भाड्याचा दर; आणि अकरा महिन्यांनी घरमालकाने घर सोडायला लावलं तर सामान हलवण्याचा खर्च पुन्हा. तीन वर्षांत तीन घरं बदलावी लागली, तर हा सगळा त्रास तीनदा होतो. खर्च बिल्डरला परवडणार नाही असं कोणी म्हणालं, तर प्रत्येक सभासदाने दहा-पंधरा फूट जादा कार्पेट सोडून तो भागवावा. यावर सभेत वाद होईल हे मला माहीत आहे. तरीही मी हाच सल्ला देईन.

नव्या इमारतीच्या नकाशाकडेही याच नजरेने पाहावं. पोडियम पार्किंगमुळे तळमजला गाड्यांना जातो, बाग वरच्या कुठल्यातरी मजल्यावर जाते आणि गेटजवळ बसायला जागाच उरत नाही. रस्त्याकडे तोंड असलेली, सावलीतली, टेकायला पाठ असलेली चार बाकं मागून घ्या. जिने रुंद, उजेडाचे, दोन्ही बाजूंना कठडे असलेले हवेत. प्रत्येक मजल्याच्या लॉबीला वेगळा ठळक रंग द्यायला जादा खर्च जवळजवळ लागत नाही, आणि काकूंसारख्यांना आपला मजला चटकन ओळखता येतो. ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांकरिता महारेराने २०२४ मध्ये निकष ठरवून दिले: ९०० मिलिमीटर रुंद दारं, बाथरूममध्ये आधाराचे दांडे, न घसरणारी फरशी. हे निकष रीडेव्हलपमेंटला बंधनकारक नाहीत, पण आयती यादी म्हणून आर्किटेक्टच्या हातात द्यायला हरकत नाही.

ज्यांची घरं आधीच रिकामी झाली आहेत, त्यांच्यासाठी तातडीचं एवढंच. भाड्याच्या घरात पलंग, देव्हारा, घड्याळ जुन्याच क्रमाने लावा. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवा आणि दारावर मोठ्या अक्षरांत पाटी लावा. डॉक्टर आणि औषधांचं दुकान बदलू नका. आठवड्यातून दोनदा तरी त्यांना जुन्या गल्लीत नेऊन सोडा, त्यांच्याच मंडळींमध्ये, तास-दोन तास. कानांची आणि डोळ्यांची तपासणी राहिली असेल तर या महिन्यातच करून घ्या. आणि तुमच्या सोसायटीचं टेंडर अजून उघडायचं असेल, तर पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत ‘ज्येष्ठ सभासदांची तात्पुरती राहण्याची सोय’ हा स्वतंत्र विषय घालण्याची लेखी मागणी आजच सेक्रेटरींकडे द्या.