‘आत्ता’चे धनी आणि उद्याचे हमाल

भूतकाळ मेला, भविष्यकाळ जन्मलाच नाही, खरा काय तो हातातला क्षण. त्यात राहायला शिका म्हणजे मन निवळेल. हे आता इतक्या वेळा, इतक्या संथ आवाजात आणि इतक्या महागड्या सभागृहांत सांगितलं जातं की शंका काढायचीच चोरी झाली आहे. अलीकडे एका विद्वान गृहस्थांनी एका दीर्घ लेखात हाच सिद्धांत पुन्हा मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणसाची सगळी अशांती आठवणींतून आणि बेत आखण्यातून येते. पाखरं आणि लहान मुलं सुखी, कारण त्यांना काल नाही आणि उद्याही नाही. बुद्धाने हेच सांगितलं, आपल्या संतांनीही हेच. ज्यांना हे उमगत नाही ते ‘मनाचे गुलाम’. हे गृहस्थ रोज पहाटे गच्चीत बसून चहाचा एकेक घोट ‘पूर्णपणे’ पितात, असंही लेखात आहे. चहा कोण करतं, ते लेखात नाही.

माझं भांडण त्या चहाशी आहे. पण आधी किरकोळ गोष्टी आटपून घेते.

पाखरांना उद्या नसतो म्हणे. सुगरण पक्षी घरटं विणतो तेव्हा अंडी कुठे घातलेली असतात? आणि मुलांचं म्हणाल, तर मे महिन्यात आजोळी जायचं ठरलेल्या पोराशेजारी तासभर बसून बघा. ज्यांच्या हातून काल खरोखरच निसटला आहे अशी माणसंही आपल्या आसपास असतात. स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत मला तरी प्रसन्नता दिसलेली नाही. हे घर कुणाचं, या बाई कोण, ही धास्ती दिसली आहे.

बुद्धाला साक्षीला ओढण्यापूर्वी तर या मंडळींनी मूळ वाचायला हवं होतं. सतिपट्ठान सुत्तात श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं आहे, तसंच स्मशानात टाकलेल्या प्रेताच्या नऊ अवस्थांकडेही. प्रत्येक अवस्थेला साधकाने मनात आणायचं ते हे, की माझ्याही देहाचं असंच होणार आहे. हा उद्याचा विचार नव्हे तर काय? इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराबद्दल मला आदर आहे. तिथे फी घेत नाहीत, मौन कडक असतं. पण पहाटे चारला घंटा होते ती वेळापत्रकाप्रमाणे, आणि जागा हवी तर नाव आधी नोंदवावं लागतं. शिबिरार्थींच्या जेवणाखाण्याची व्यवस्था पूर्वी शिबिर केलेले सेवक पाहतात. निदान तिथे त्याला सेवा म्हणतात आणि साधनेचाच भाग मानतात. गच्चीवरच्या साधनेत ती सोय नाही.

आता चहा.

एकाला क्षणात राहता यावं म्हणून दुसऱ्या कुणाला तरी पुढच्या आठवड्यात राहावं लागतं. त्या घोटातलं दूध आदल्या दिवशी कुणी तरी तापवून ठेवलं होतं. सिलिंडर लावून किती दिवस झाले आणि नवा कधी सांगायचा, हे कुणाच्या तरी डोक्यात होतं. उद्या एकादशी, तर साबुदाणा आज रात्री भिजला पाहिजे. परवा मटकीची उसळ हवी, तर मटकी आज भिजत पडून उद्या फडक्यात बांधली गेली पाहिजे. मुलीच्या फीची तारीख, सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची उरलेली पट्टी, नणंदेच्या घरचं डोहाळजेवण, हे सगळं एका बाईच्या डोक्यात एकाच वेळी चालू असतं. आणि तिला संध्याकाळी ऐकवलं जातं की तू फार विचार करतेस, जरा श्वासाकडे लक्ष दे.

भर उन्हाळ्यात कुरडयांसाठी तीन दिवस गहू भिजत घालून रोज पाणी बदलणारी बाई उन्हात उभी असते, पण ती जगत असते आषाढात. कोकणात याला अगोटीची तयारी म्हणतात: लाकूडफाटा, सुकी मासळी, मीठ-मिरची, छपराची डागडुजी. ती केली नाही तर पावसाळ्यात कुठला क्षण अनुभवायला मिळतो हे तिथल्या कुणालाही विचारा. मराठवाड्यातल्या कित्येक वस्त्यांत नळाला चार-चार, आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी जिने हंडे, पिंप, बादल्या, पातेली भरून ठेवली नाहीत, तिच्या घरी पुढचा आठवडाभर शांतीचा पाठ कुणी घ्यायला जाऊ नये.

शेतात बघा. मृग लागतो ७-८ जूनला. त्याआधी मे महिन्यातच सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतात आणि आठवड्याने उलगडून मोड मोजतात. सत्तर उगवले तर बियाणं चांगलं, त्याहून कमी भरले तर बियाण्याचं प्रमाण वाढवायचं किंवा दुसरं शोधायचं. त्या गोणपाटात दिवाळीचे कपडे असतात, सोसायटीचं कर्ज असतं, पोराचा कॉलेजप्रवेश असतो. हा शेतकरी मनाचा गुलाम. आणि त्याचं तेल खाऊन क्षणात राहणारे आपण मुक्त!

उद्याचा विचार ज्याला खरोखर करता येत नाही असा माणूस शहरात रोज सकाळी मजूर नाक्यावर उभा असतो. आज काम मिळालं तर आज जेवण. परवाचा बेत आखायची त्याला सोयच नाही. वर्तमानात राहण्याची इतकी शुद्ध साधना दुसऱ्या कुणाची नसेल. त्याच्या चेहऱ्यावर किती समाधी दिसते, ते आमच्या गृहस्थांनी एकदा सात वाजता जाऊन पाहून यावं.

हा वाद माझ्यापुरता जुना आहे. फार पूर्वी एका परिसंवादात एक वक्ते म्हणाले, स्त्रियांना ध्यान शिकवायची गरजच नाही. पोळ्या लाटणं हेच त्यांचं ध्यान. टाळ्या पडल्या, त्यात बायकांच्याही होत्या. मी उठून विचारलं, की इतकी सोपी साधना असताना पुरुषांना तिच्यापासून वंचित का ठेवलंय? अध्यक्षांनी वेळ संपल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या एका प्रसंगी, वडिलोपार्जित जमिनीत आपला वाटा मागणाऱ्या एका बाईला तिच्याच घरच्यांनी सांगितलं, की जुनं उगाळू नये, वर्तमानात जगावं. भूतकाळ विसरण्याचा सल्ला देणारा बहुधा देणेकरी असतो. पण ते असो.

संतांचं एवढंच, की तुकोबांनी १६३० च्या सुमाराचा दुष्काळ, बुडालेला व्यापार, अन्नावाचून गेलेली बायको यांतलं काही विसरून टाकलं नाही. अभंगांत ते स्पष्ट सांगितलं. दासबोधाचा तिसरा दशक माणसाला जन्मापासून म्हातारपणापर्यंतचा संसार उलगडून दाखवतो. यात फक्त ‘हा क्षण’ कुणाला सापडला असेल तर त्याने मला दाखवावा.

खंडन झालं. मंडन विचाराल तर माझ्यापाशी एवढा ऐसपैस सिद्धांत नाही. दाखवण्यासारखी एक जागा मात्र आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी मुक्कामाला पोचली की समाजआरती होते. दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार हातातला चोप वर करतो आणि हजारो माणसं एकदम गप्प होतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. तिची दाद घेतली जाते, मगच ती थांबते. त्या शांततेत काय सांगतात? कुणाचं काय हरवलं, काय सापडलं आणि उद्या पालखी किती वाजता निघणार. ही शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी १९व्या शतकात घालून दिली, आणि ते आधी सरदार होते. मुक्काम, रसद, क्रम यांचा विचार त्यांना नवा नव्हता. रथापुढच्या २७ दिंड्यांचा क्रम ठरलेला, मुक्कामाच्या गावी सामानाचा ट्रक आधीच पुढे गेलेला. म्हणून वारकऱ्याला दिवसभर नामात बुडता येतं.

निवांतपणा मला हवा आहेच. तो मला तक्रार ऐकून घेतल्यावरचा, हरवलेल्याची नोंद केल्यावरचा आणि उद्याचं ओझं चार जणांत वाटल्यावरचा हवा. श्वास त्यानंतर खुशाल मोजावेत.

लेखक महाशयांना एकच विनंती. महिनाभर घरातल्या गोळ्या, फी, गॅस आणि पाणी यांचा हिशेब कुणालाही न विचारता स्वतःच्या डोक्यात वागवा. त्यानंतरही क्षणात राहता आलं तर पुढचा लेख जरूर लिहा. मी तो वाचेन.