भात्याविना पेटी

आमच्या अण्णांना तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. वाचा सुधारली, काठीच्या आधाराने चालणेही जमू लागले. डावा हात मात्र मांडीवर पडून राहिला. शहापूरच्या भजनात चाळीस वर्षे पेटीची साथ केलेल्या माणसाचा डावा हात म्हणजे भाता. उजव्या हाताची बोटे शाबूत होती, पण पेटीत हवा भरणार कोण? माझी मुलगी भाता मारून बघायची. पण बोटे एकाची आणि श्वास दुसऱ्याचा, असा तो प्रकार होई. दोन कडव्यांत अण्णा पेटी मिटायला सांगत.

माझ्या एका विद्यार्थ्याने सुचवले, "सर, घरी कॉम्प्युटर आहे ना? मिडी कीबोर्ड घ्या." घरी विषय काढला, तर आई म्हणाली, "मिडी म्हणजे पोरी घालायच्या तो झगा नव्हे काय?" असो. मराठी शिकवणाऱ्या मलाही त्याहून फारसे कळत नव्हते, आणि म्हणून पहिली खरेदी चुकली.

वाचकहो, पहिली गोष्ट ही की या कीबोर्डला स्वतःचा आवाज नसतो. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात दिसतो तो कीबोर्ड वेगळा. हा फक्त कोणती पट्टी दाबली आणि किती जोराने, एवढाच निरोप वायरीतून संगणकाला देतो. पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक असतात. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६०. दाबाचा जोरही १२७ पर्यंतच्या आकड्यांत मोजला जातो. आवाज काढतो तो संगणकातला प्रोग्राम. निरोपाची ही भाषा १९८३ साली ठरली. जपानचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांना त्याबद्दल २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळाले. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी एक भाषा मान्य केली आणि ती चाळीस वर्षांनंतरही चालते, याचे सीमाभागातल्या माणसाला जरा जास्तच कौतुक वाटते.

मी प्रथम आणला तो पंचवीस पट्ट्यांचा. छोटा, देखणा, उजवीकडे रंगीत दिवे लागणारी चौकोनी बटणे. अण्णांनी बोटे ठेवली आणि एकदम दोन पट्ट्या दाबल्या गेल्या. पट्ट्या खेळण्यातल्यासारख्या अरुंद होत्या. शिवाय पंचवीस पट्ट्या म्हणजे दोनच सप्तके. अभंग तारसप्तकात चढला की सप्तक बदलण्याचे बटण दाबावे लागते, आणि ते असते डावीकडे! डावा हात नाही म्हणून तर ही सारी खटपट. अण्णा काही बोलले नाहीत. काठी घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

दुसऱ्या वेळी मी घरातली पेटी उघडून पट्ट्या मोजल्या. एकोणचाळीस. म्हणजे सव्वातीन सप्तके. तेव्हा एकोणपन्नास पट्ट्यांचा, चार सप्तकांचा कीबोर्ड घ्यायचे ठरले, आणि पट्ट्या पूर्ण रुंदीच्या हव्यात, हेही. एक सप्तक साधारण साडेसोळा सेंटिमीटर भरले पाहिजे. फूटपट्टी खिशात घालूनच दुकानात गेलो. पियानोसारख्या जड पट्ट्यांचेही कीबोर्ड मिळतात, पण पेटीवाल्याच्या बोटांना ते ओझे कशाला? हलक्या पट्ट्याच बऱ्या. बटणे आणि दिवे मी पाहिलेच नाहीत. दुकानदाराला त्याचे वाईट वाटलेले दिसले.

मागच्या बाजूची भोके मात्र वाकून तपासली. बहुतेक स्वस्त कीबोर्डांना पायाच्या पेडलसाठी एकच भोक असते, आणि ते स्वर लांबवण्यापुरते, म्हणजे चालू किंवा बंद. मला हवे होते आवाज हळूहळू लहानमोठा करणारे एक्स्प्रेशन पेडल. ते कोणत्या कीबोर्डला चालते, हे खोक्यावर नव्हे, माहितीपुस्तिकेत सापडते. कारण खरी अडचण भात्याचीच होती. पेटीत पट्टी कशीही दाबा, आवाजाचा चढउतार भाताच ठरवतो. येथे मात्र जोरात दाबले की मोठा, हळू दाबले की लहान. अण्णांची मधली बोटे ठणठणीत, करंगळी कमजोर. त्यामुळे धैवत गर्जायचा आणि निषाद पुटपुटायचा. यावर उपाय असा, की कीबोर्डच्या सेटिंगमध्ये दाबाचा जोर एकसारखा करून टाकायचा, आणि आवाज पेडलच्या ताब्यात द्यायचा. पेडल प्रोग्राममधल्या पेटीच्या आवाजाशी जोडायला मला आणि त्या विद्यार्थ्याला एक अख्खा रविवार लागला. पट्टी बदलणे मात्र सोपे. ट्रान्सपोजचे बटण म्हणजे आपली स्केलचेंजर पेटीच.

अजून एक घोळ झाला. ब्लूटूथ स्पीकर लावला तेव्हा बोट पडल्यावर स्वर मागाहून यायचा. "हा मला वेडावतोय," अण्णा म्हणाले. वायरीचा स्पीकर लावला, विंडोजसाठी एएसआयओ नावाचा ड्रायव्हर घातला, त्यातला बफर १२८ वर आणला, तेव्हा उशीर जाणवेनासा झाला.

मग अण्णांनी उजवा पाय पेडलवर ठेवला, सा धरला, पाय हळूच पुढे दाबला. स्वर फुगला. पाय मागे घेतला, स्वर बसला. चार-पाच वेळा तेच करून पाहिले.

"अरे, ही पायपेटीच की," ते म्हणाले. "संगीत नाटकात असायची तसली."

त्या संध्याकाळी त्यांनी भैरवी धरली ती आईने जेवायला तीनदा हाक मारेपर्यंत सोडली नाही. मींड मात्र या कीबोर्डवरही त्यांना घेता येत नाही. स्वर वाकवायचे चाक त्याला आहे, पण तेही डावीकडेच. पेडल गुळगुळीत फरशीवर सरकते, म्हणून खाली पोत्याचा तुकडा घातला आहे. येत्या एकादशीला मंडळी आमच्याकडेच भजनाला बसणार आहेत, कारण संगणक देवळात नेता येत नाही.