सेन्सर बदलण्याआधी डिपस्टिक काढा
चाक आणि चालक । साप्ताहिक स्तंभ

धामणगाव बढेहून मोताळामार्गे बुलढाण्याला निघालं की राजूर घाट लागतो आणि गाडीचं लपलेलं दुखणं तिथे बाहेर पडतं. सपाटीवर बरी चालणारी पेट्रोल गाडी चढावर पिकअप घेत नाही, आयडलला थरथरते, अ‍ॅव्हरेज पडतो आणि डॅशबोर्डवर पिवळं इंजिन पेटतं. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की पी-००११ असा कोड येतो. मग ठरलेलं वाक्य : ‘सेन्सर गेला भाऊ.’ सेन्सर बदलतात, दिवा विझतो, चार दिवसांनी पुन्हा पेटतो. मग हेड उघडायची भाषा सुरू होते.

गंमत अशी की या कोडात सेन्सर गेल्याचं कुठेच म्हटलेलं नाही. इनटेक कॅमशाफ्ट कॉम्प्युटरच्या हुकमापेक्षा पुढे सरकलाय, एवढंच पी-००११ सांगतो. मागे राहिला तर पी-००१२. कॅम सेन्सरच्या सर्किटचा कोड पी-०३४०, सोलेनॉइडच्या सर्किटचा पी-००१०. कोड म्हणजे तक्रार. निदान मिस्त्रीने करायचं असतं.

व्हॉल्व्ह कधी उघडायचे, ती वेळ इंजिनाच्या वेगाप्रमाणे आणि भाराप्रमाणे मागेपुढे करणं, हे व्हीव्हीटीचं, म्हणजे व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगचं काम. अल्फा रोमिओने १९८० साली ते स्पायडरमध्ये आणलं, होंडाचं व्हीटेक १९८९चं. आपल्याकडे २०११च्या नव्या स्विफ्टच्या पेट्रोल इंजिनातही ते आलं आणि आज त्या वयाच्या गाड्या सेकंडहँडमध्ये गावोगावी फिरतायत. बहुतेक गाड्यांत हे सगळं चालतं इंजिन ऑइलच्या दाबावर. विजेवर चालणारा एक छोटा कंट्रोल व्हॉल्व्ह, म्हणजेच तो सोलेनॉइड, ऑइलची वाट बदलतो, ते ऑइल कॅमच्या स्प्रॉकेटमधल्या कप्प्यांत शिरतं आणि कॅमला काही अंश फिरवतं. या वाटेवर बऱ्याच इंजिनांत एक बारीक जाळी असते. शेतातल्या ठिबकचा फिल्टर आपण न सांगता धुतो. ही जाळी मात्र गाडी विकेपर्यंत कुणी बघत नाही.

म्हणून पहिलं काम डिपस्टिक काढायचं. ऑइल कमी आहे का, डांबरासारखं झालंय का, आणि मुळात कोणतं भरलंय? आपले बरेच मिस्त्री ट्रॅक्टर आणि डिझेल जीपवर हात बसवून आले. तिथे वीस-पन्नास ग्रेडचं जाड ऑइल चालून जायचं, ती सवय राहिली. ‘आपल्या उन्हात पातळ ऑइल टिकत नाही’ हे त्यावरचं नेहमीचं उत्तर. पण उन्हाळा असो की हिवाळा, गरम झालेलं इंजिन थर्मोस्टॅट साधारण एकाच तापमानावर ठेवतो, आणि ग्रेडमधला दुसरा आकडा शंभर अंशांवरच्या जाडीवरून ठरतो. तेव्हा गाडीच्या पुस्तकातला ग्रेड घालायचा. पाच-तीसच्या इंजिनात वीस-पन्नास ओतलं तर त्या बारीक वाटांतून ते वेळेवर पोचत नाही.

ऑइल ठीक असेल तर पुढे जायचं. आयडलला सोलेनॉइडचा कनेक्टर काढून सोलेनॉइडच्या दोन पिनांना क्षणभर बारा व्होल्ट द्यायचे. इंजिन अडखळलं, बंद पडायला आलं, तर चांगली खूण : व्हॉल्व्ह हलतोय, ऑइल पोचतंय, कॅम फिरतोय, आता वायरिंग तपासा. काहीच फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह बाहेर काढून जाळी पाहा. साफ करून काम भागतं, असं पुष्कळदा होतं. काही नव्या गाड्यांत ऑइलऐवजी इलेक्ट्रिक मोटर कॅम फिरवते, तिथे मात्र हा बारा व्होल्टचा प्रयोग करू नका. स्कॅनरवर लाइव्ह डेटा दिसत असेल तर कॅमचा मागितलेला कोन आणि मिळालेला कोन शेजारी ठेवून पाहता येतो. सकाळच्या पहिल्या स्टार्टला खडखड आणि सोबत क्रँक-कॅमचा मेळ न बसल्याचा कोड पी-००१६ असेल, तर टायमिंग चेन ताणल्याचा संशय घ्यावा. तिथे टायमिंग चेनचं कव्हर उघडण्याला अर्थ आहे.

यातलं काहीही मोताळ्याच्या किंवा धामणगावच्या मिस्त्रीला जमणार नाही असं नाही. मल्टिमीटर आणि तासभर वेळ, एवढंच लागतं. अडचण गिऱ्हाइकाची आहे. पार्टचे पैसे आपण घासाघीस करून का होईना देतो. तासभर शोधाशोध केल्याचे मागितले तर ‘नुसतं बघायचे कसले पैसे?’ असं विचारतो. मग तो बघत बसेल कशाला? पार्ट बदलला की त्यावर त्याला चार पैसे सुटतात. चुकीचे सेन्सर आपणच विकत घेतो, ते असे.

पुढच्या वेळी दिवा पेटला तर तपासणीचे पैसे आधी ठरवा आणि खळखळ न करता द्या. ऑइल बदललं तर त्याचा ग्रेड बिलावर लिहून घ्या, आणि कोणताही पार्ट बदलला तर जुना परत मागा.