ओला कचरा कुठे जातो?

फराळाचे डबे रिकामे होऊ लागले की कोकणच्या वाटेवर गाड्यांची रांग लागते. काशीद, गणपतीपुळे, तारकर्ली. कुठेही खोली मिळणं मुश्कील. या चार दिवसांवर किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांचं वर्ष चालतं, ते चालायलाच हवं. पण यंदाचा अंक किनाऱ्याला वाहिलेला असताना, पाहुणे परतल्यावर मागे काय उरतं हे न सांगणं आम्हाला पटेना.

आठ खोल्यांच्या एखाद्या हॉटेलच्या मागीलदारी जेवणं उरकल्यावर जाऊन बघावं. मोरीपाशी एका पिशवीत सुरमईची डोकी, बांगड्याचे कल्ले, कोळंबीची सालं, सोलकढीसाठी पिळलेल्या खोबऱ्याचा चोथा, ताटात टाकलेला भात. त्याच पिशवीत पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, बिअरच्या काचा. मासळीचं पाणी लागलेल्या त्या मालाला मग भंगारवालाही हात लावत नाही. घंटागाडी येत नसेल, तर पिशवी वहाळात जाते, सुरूच्या बनात जाते किंवा पेटवली जाते. पावसात वहाळ सगळं खाडीत नेतो आणि रापणीत मासळीबरोबर प्लास्टिक येतं. बनात टाकलेल्या उष्ट्या-खरकट्यावर कुत्री पोसली जातात. दिवाळीनंतर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या याच वाळूत अंडी घालायला येऊ लागतात आणि ती घरटी ही कुत्री उकरतात. वेळासच्या ग्रामस्थांनी वर्षानुवर्षं राखण करून जे वाचवलं, ते इतरत्र असं जातं.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी कचऱ्याचं वर्गीकरण बंधनकारक केलं. दिवसाला १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांवर जादा जबाबदारी टाकली. मोठी रिसॉर्ट त्यात येतात, आठ खोल्यांचं हॉटेल येत नाही. मात्र अशी हॉटेलं एकाला एक लागून उभी राहिली, की त्यांचा मिळून होणारा कचरा छोट्या ग्रामपंचायतीला पेलत नाही. म्हणून आमचं स्पष्ट मत आहे: समुद्रकाठी खोल्या भाड्याने देणाऱ्या प्रत्येकाने ओला कचरा आपल्याच आवारात जिरवावा, जागा नसेल तर चार शेजाऱ्यांनी मिळून जिरवावा. कोकणात त्याला लागणारं सगळं दारातच आहे. मासळीच्या प्रत्येक थरावर नारळाच्या सोडणांचा भुसा आणि सुका पाला जाड पसरून खड्डा नीट झाकला, तर वास आटोक्यात राहतो, कुत्री फिरकत नाहीत आणि माडांना खत मिळतं. ओला बाजूला झाला की बाटल्या, काच, पत्रा स्वच्छ राहतात आणि विकले जातात.

हे अशक्य नाही. वेंगुर्ला नगरपालिकेने वर्गीकरण नेटाने राबवलं, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस केला, प्लास्टिकचे तुकडे डांबरी रस्त्यांत वापरले. तिथली कचरा डेपोची जागा आता लोक मुद्दाम पाहायला जातात.

वाचकहो, हा अंक सोबत घेऊन तुमच्यापैकी अनेक जण समुद्रावर जातील. खोली ठरवताना एसी आहे का, हे विचारताच. त्याबरोबर एवढंही विचारा, की तुमचा ओला कचरा कुठे जातो? आणि ज्याच्याकडे नीट उत्तर असेल, त्याच्याकडेच उतरा.

दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.