कंबर संगणकावर आवळली, तर तेही छापा

प्रति,
अध्यक्ष, भारतीय जाहिरात मानक परिषद, मुंबई



लग्नसराई जवळ आली की तालुक्याच्या एसटी स्टँडवर शालू-दागिन्यांचे फलक चढतात. फलकावरच्या नवरीच्या त्वचेवर एक रंध्र दिसत नाही. कंबर दोन ओंजळींत मावेल एवढी, आणि घट्ट ब्लाउज असूनही काखेपाशी वळी नाही. त्याच फलकाखाली कॉलेजला जाण्यासाठी बसची वाट पाहणाऱ्या मुलीला ‘यंदा स्थळं बघायची आहेत, जरा बारीक हो’ हे घरातून निघतानाच ऐकावे लागलेले असते. ती स्वतःला त्या नवरीशी ताडून बघते. ती नवरी अर्धी संगणकावर घडली आहे, हे तिला कुणी सांगितलेले नसते.

हे पत्र त्या न सांगितलेल्या गोष्टीबद्दल आहे.

परिषदेने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिरातींत सावळ्या मुलीला दुःखी, लग्नात किंवा नोकरीत मागे पडलेली दाखवू नये, हा नियम परिषदेने २०१४ मध्ये केला. ‘फेअर अँड लव्हली’ने नाव बदलले ते त्यानंतर सहा वर्षांनी. २०२२ च्या लिंगभावविषयक मार्गदर्शक तत्त्वांत तर ठरावीक बांधा असेल तरच माणूस सुखी, असे जाहिरातीने सुचवू नये, असे परिषदेने स्पष्ट सांगितले. शब्द नेमके आहेत.

अडचण पुढे आहे. जाहिरातीतला संवाद ऐकू येतो, म्हणून त्यावर तक्रार करता येते. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्याच्या यादीत लठ्ठपणा आणि स्तनांचा आकारही आहे. त्यांवर औषधाची जाहिरात करायला बंदी आहे. म्हणजे बाटलीवरचा दावा अडवता येतो. पण छायाचित्रात आत ओढलेली कंबर, लांबवलेली मान, पुसून टाकलेले बाळंतपणाचे व्रण ओळखणार कोण? जी फसवणूक दिसतच नाही, तिची तक्रार परिषदेकडे येणार तरी कशी?

चित्रांनी इतके काय बिघडते, असे विचारणाऱ्यांनी फिजीकडे पाहावे. भरलेला देह हे तिथे सुस्थितीचे लक्षण मानले जाई. नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. मानववंशशास्त्रज्ञ अ‍ॅन बेकर यांनी तेव्हा शाळकरी मुलींची पाहणी केली, तर वजन घटवण्यासाठी ओकारी काढणारी एकही मुलगी आढळली नाही. तीन वर्षांनी हेच प्रमाण ११.३ टक्के होते. पडद्यावरच्या बायकांसारखे दिसायचे आहे, असे त्या मुली स्वतः सांगत होत्या. आज त्या वयाच्या मराठी मुलीच्या हातात टीव्ही नाही, मोबाइल आहे, आणि चेहरा क्षणात निमुळता करणारे फिल्टरही त्यातच आहेत.

उपाय नवा शोधायचा नाही. फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७ पासून मॉडेलचा बांधा बदललेल्या जाहिरातीवर ‘फेरफार केलेले छायाचित्र’ असे लिहावे लागते. न लिहिल्यास ३७,५०० युरोंपर्यंत दंड. नॉर्वेत जुलै २०२२ पासून अशा चित्रावर ठरावीक शिक्का लागतो आणि त्याने चित्राचा सुमारे ७ टक्के भाग व्यापावा, असा दंडक आहे. पैसे घेऊन समाजमाध्यमांवर वस्तू मिरवणारेही त्यातून सुटत नाहीत.

परिषदेलाही हा रस्ता अनोळखी नाही. २०२१ मध्ये परिषदेनेच इन्फ्लुएन्सरांच्या सशुल्क मजकुरावर ‘जाहिरात’ अशी खूण बंधनकारक केली. चित्रामागचा पैसा सांगायला लावता येतो, तर चित्रातला फेरफारही सांगायला लावता येईल.

म्हणून मागणी एवढीच: बाईच्या शरीराचा आकार किंवा त्वचा संगणकावर बदलली असेल, तर तसे जाहिरातीवर छापण्याची सक्ती परिषदेने करावी. मराठी जाहिरातीत ते मराठीत असावे. म्युच्युअल फंडाच्या इशाऱ्यासारखे धावत्या आवाजात किंवा कोपऱ्यातल्या मुंगीएवढ्या अक्षरांत नको. स्टँडवरच्या फलकावरचे अक्षर बसच्या खिडकीतून वाचता यावे, एवढे मोठे हवे.