पेपर सगळ्यांना एकच, पण वर्गातलं शिकवणं?

पायाभूत आणि संकलित चाचण्यांचे पेपर आता राज्यभर एकसारखे येतात. एप्रिल 2025 मध्ये तर पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षेचं वेळापत्रकही सगळीकडे एकच लावलं गेलं. पुस्तक बालभारतीचं, तेही एकच. कागदावर सगळं सारखं आहे.

गावातल्या शाळेत चित्र वेगळं दिसतं. आरटीई कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला 60 पर्यंत पट असेल तर शिक्षक दोन. म्हणजे वर्ग पाच, शिक्षक दोन. सर तिसरीला भागाकार शिकवतात तेव्हा चौथी-पाचवी फळ्यावरचं उतरवत बसते. त्यात एक जण निवडणुकीच्या कामाला गेला की पाचही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. मग कोणता धडा झाला आणि कोणता राहिला, हे ज्या-त्या शाळेच्या अडचणीवर ठरतं.

याचा मोठा फटका ऊसतोड मजुरांच्या पोरांना बसतो. बीडकडचं पोर दिवाळीच्या सुमारास आईबापांसोबत कारखान्याच्या भागात जातं, उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतं. शिक्षण हमी कार्डावर नव्या शाळेत बसायला मिळतं. पण तिथं अपूर्णांक आधीच होऊन गेलेले असतील, आणि गावाकडच्या शाळेत ते पोर नसताना झाले, तर त्याला अपूर्णांक शिकवणार कोण? दोष पोराचा नसतो, तरी मार्क त्याचेच कमी पडतात.

मग सगळ्यांनी एकाच दिवशी एकाच पद्धतीनं शिकवावं का? तसंही नाही. एकच वाण सगळ्या रानात येत नाही. मेळघाटात घरी कोरकू बोलणाऱ्या पोराला वाचायला शिकवण्याची रीत वेगळीच लागणार. कसं शिकवायचं ते शिक्षकावर सोडावं. पण कोणत्या महिन्यापर्यंत कोणत्या वर्गाला काय यायला पाहिजे, एवढं तरी सगळीकडे एक हवं.

त्यासाठी नवी समिती नको. केंद्राची शिक्षण परिषद आहेच. तिथं नुसती परिपत्रकं वाचण्यापेक्षा कोणाचा वर्ग कुठपर्यंत आला, कुठं अडला, हे एकमेकांना सांगितलं तरी बरंच जुळेल.

आणि पालकांनीही गप्प बसू नये. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालकच असतात. शाळेला रंग कधी द्यायचा यावर चर्चा होते, तशी एक चौकशी दर बैठकीत व्हावी : या महिन्यात पोरांना काय यायला पाहिजे होतं, आणि किती जणांना आलं?